एक नंबरची पुडी

वैजयंती सबनिसांकडे कधी गेलात तर एक पथ्य पाळा. टोमॅटोला टमाटर म्हणालात तरी चालेल, चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या बाईला तेवढं चालवून घ्यावंच लागतं. पण 'एवढी खटपट कशाला, मंडीत ढिगाने मिळतात की' असं चुकूनही म्हणू नका. त्यांचे यजमान विनायकराव एकदाच म्हणाले होते. त्याला आता अकरा वर्षं झाली, अजून ऐकून घेतायत बिचारे.

मयूर विहारमधल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर सबनिसांचा फ्लॅट आहे. पुढे एक तुकडा जमीन, चार खाटा टाकल्या तर पाचवी मावणार नाही एवढीच. बाकीच्या तळमजलेवाल्यांनी तिथे गुलाब लावले, झोपाळे टांगले, एकाने तर फरशी घालून स्कूटर उभी केली. वैजयंतीबाईंनी टोमॅटो लावले. एक नाही, दोन नाही, एकतीस जातींचे. जमिनीत लावले, कुंड्यांत लावले, रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत लावले, आणि जागा पुरेना तेव्हा विनायकरावांच्या जुन्या हेल्मेटमध्येही एक लावला. फेब्रुवारीत त्यांच्या फाटकाशी उभं राहिलं की पिवळे, काळपट, हिरव्यावर पट्टे असलेले, बोराएवढे आणि ओंजळीत मावणार नाहीत असे टोमॅटो एका नजरेत दिसतात. सोसायटीतली पोरं येता-जाता जाती मोजतात आणि दर वेळी चुकतात.

कुठून कुठून टपालाने आलेल्या या जातींची मूळ नावं बाईंना पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली. पिवळाधमक तो हळद्या, बारीक घोसाचा तो नथ, काळा तो काळूराम, पट्ट्यांचा तो पट्टेवाला. ऑफिसात हाताखाली कधी पट्टेवाला मिळाला नाही, ती हौस त्यांनी अशी भागवली. मुलगी अक्षया नोएडात नोकरी करते. तिने नेटवर वाचून सांगितलं की आई, याला हेअरलूम म्हणतात यार. बाई म्हणाल्या, म्हणत असतील. आपल्या भाषेत सांगायचं तर बी धरून पुन्हा लावलं की लेकरू आईवरच जातं, एवढंच. बाजारच्या संकरित टोमॅटोचं बी पेरून काय उगवेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

बी धरायची बाईंची रीत ठरलेली. झाडावरचं सगळ्यात देखणं फळ खायचं नाही, ते पार पिकू द्यायचं. मग त्याच्या बिया गरासकट काचेच्या पेल्यात पिळायच्या आणि वर वाटी झाकून तीन दिवस ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या. पेल्यावर पांढरी साय धरते आणि असा काही वास सुटतो की विनायकराव दर वर्षी नव्याने विचारतात, घरात उंदीर मेलाय का. मग बिया धुवायच्या, स्टीलच्या ताटलीत वाळवायच्या आणि पुडीत घालून कपाटात. पुड्या म्हणजे जुनी सरकारी पाकिटं, उलटी करून पुन्हा चिकटवलेली, आणि त्यावर फक्त नंबर. नाव नाही, गाव नाही. बाई केंद्र सरकारच्या एका खात्यात आवक-जावक विभागात चौतीस वर्षं होत्या, आणि नंबर असला की माणसालाही नाव लागत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

हे सगळं त्यांना शिकवलं रेवतीने. रेवती खानापूरकडची. दोघी एकाच आठवड्यात त्या विभागात लागल्या आणि नोकरदार मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्या. रेवतीने घरून येताना काड्यापेटीत टोमॅटोचं बी आणलं होतं. दिसायला तो टोमॅटो म्हणजे आनंदच होता, चपटा, सुरकुतलेला, कडेने चुण्या पडलेला. पण त्याचं सार असं व्हायचं की वसतिगृहातल्या बंगाली मुलीसुद्धा वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. त्या झाडाची आणखी एक खूण होती. इतर टोमॅटोचं पान कडेने कातरलेलं असतं, याचं पान रुंद आणि सपाट, थेट बटाट्याच्या पानासारखं. शंभर रोपांत ठेवलं तरी हे ओळखू यायचं. पुढे दोघींची लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण बियांचा संसार एकच राहिला. एक नंबरची पुडी रेवतीच्या टोमॅटोची, आणि तिच्यावरचा एकचा आकडाही रेवतीच्याच हातचा, शेपटी लांब ओढून वर वळवलेला. पुढचे तीस आकडे वैजयंतीबाईंचे.

तीन वर्षांपूर्वी रेवती गेली. आजारपण चार महिन्यांचं होतं. शेवटचे दोन महिने तिची मुलगी हेमांगी हॉस्पिटलातच राहत होती, आणि घरच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला कोणी नव्हतं. सगळं झाल्यावर वैजयंतीबाई त्या घरी गेल्या तर ओळीने वाळलेली झाडं. दुःखाने माणसाची जीभ कुठे घसरेल सांगता येत नाही. त्या हेमांगीला म्हणाल्या, आईची चार झाडंसुद्धा तुला सांभाळता आली नाहीत. पोरगी उठून आत निघून गेली. बाईंना त्याच रात्री वाईट वाटलं, पण वाईट वाटणं वेगळं आणि जाऊन तसं सांगणं वेगळं. तेवढं काही त्यांना जमलं नाही. हेमांगी नवऱ्याबरोबर गुरुग्रामला राहायला गेली आणि येणंजाणं दिवाळीच्या मेसेजवर आलं.

बरं, एक नंबरचं नशीबही त्यानंतर फिरलं. एका वर्षी माकडांची टोळी आली आणि कच्ची फळंसुद्धा ओरबाडून गेली. पुढच्या वर्षी रोपं पावसात कुजली. कपाटातल्या पुडीत आता फक्त तेरा बिया उरल्या होत्या. बाकीच्या तीस जाती बाईंनी उदार हाताने वाटल्या असतील, पण एक नंबरचं बी त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. रथसप्तमी झाली की या तेरा पेरायच्या, फळ धरायचं आणि पुडी पुन्हा भरायची, असं त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलं होतं.

आणि मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू.

सबनिसांचं हळदीकुंकू म्हणजे पूर्व दिल्लीतल्या मराठी बायकांचं वार्षिक संमेलनच. बाई कुणाला वगळत नाहीत. कुंकू लावणारी, न लावणारी, शेजारची पंजाबी, सगळ्या येतात. विनायकरावांना त्या दिवशी दुपारी घराबाहेर काढलं जातं आणि ते मेट्रोच्या थंड हवेत नोएडापर्यंत उगाच जाऊन येतात. वाण म्हणून बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे, कंगवे, साबणदाण्या लुटतात, वैजयंतीबाई टोमॅटोच्या बिया लुटतात. या वर्षी त्यांनी तेवीस पुड्या भरल्या होत्या. तेवीस संपल्या, बायका उठायला लागल्या, आणि तेवढ्यात दारात आणखी चौघी उभ्या. वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू अश्लेषा, करोल बागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची खाणावळ चालवणाऱ्या अहिल्याबाई, शेजारच्या मल्होत्रा आंटी, आणि चौथी हेमांगी. हेमांगीला अक्षयाने आईला न विचारता बोलावलं होतं. तीन वर्षांनी तिला दारात बघून बाई अशा गडबडल्या की कुंकवाच्या जागी बोट हळदीत बुडवलं.

वाणाशिवाय कुणी परत जाता कामा नये. बाईंनी हळूच अक्षयाला खूण केली की कपाटातून चार पुड्या आण. अक्षयाने कपाट उघडलं, वरच्या वर ठेवलेल्या चार पुड्या उचलल्या, ताटात ठेवल्या आणि चौघींपुढे धरल्या. आता सरकारी शिस्तीत सगळ्यात वर काय असतं? एक नंबर.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट उघडलं तर एक नंबरची पुडी जागेवर नाही. अक्षयाला विचारलं तर ती म्हणाली की आई, नंबर कोण बघतं, वर होत्या त्या दिल्या, कुणाला कुठली गेली मला बिल्कुल आठवत नाही. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि कपाटातल्या पुड्या पुन्हा चाळायला लागली. विनायकरावांनी साधा उपाय सुचवला. चार बायका आहेत, चार फोन कर, विचार आणि परत माग.

"वाण परत मागतात का?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की विनायकरावांनी चष्मा काढून ठेवला. वैजयंतीबाईंचा आवाज हळू झाला म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्यांना चौतीस वर्षांत पाठ झालंय.

तर वाण परत मागायचं नाही. शिवाय एकीकडे ते मागितलं की उरलेल्या तिघींना कळणार, आपल्याला दुय्यम मिळालं. मग काय करायचं? बाईंनी आधी हळदीकुंकवाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मेसेज टाकला की मैत्रिणींनो, बिया पेरल्या का, रोपांचे फोटो पाठवा बरं, पान नीट दिसू द्या. उत्तरादाखल सुप्रभाताची सतरा चित्रं आली आणि कुणीतरी कोथिंबिरीचा फोटो पाठवला. हेमांगीकडून काहीच आलं नाही. बाईंनी मनाशी म्हटलं, हिने पुडी पर्समध्येच टाकली असणार, तुळस जगत नाही तिच्या हाती. आणि तिचं नाव यादीत शेवटी टाकलं.

मग सुरू झाली ताकाला जाऊन भांडं लपवायची मोहीम. रोपांना खरी पानं फुटायला महिना लागतो, म्हणून बाईंनी फेब्रुवारी संपू दिला. तेवढा महिना त्यांनी कसा काढला ते विनायकरावांना विचारा. मग हळद्या आणि नथ यांनी भरलेला एक डबा घेऊन त्या आधी वरच्या मजल्यावर गेल्या. अश्लेषाने कागदी कपात बी पेरलं होतं आणि कप खिडकीत रांगेने मांडले होते. पोरीला कौतुक वाटलं की काकू खास आपली रोपं बघायला जिना चढून आल्या. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून सगळे कप तपासले. पानं कातरलेली. डबा तिथेच ठेवून त्या खाली आल्या.

नंतर करोल बाग. अहिल्याबाईंनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात रोपं लावून गच्चीत ठेवली होती, पण गच्चीत जायच्या आधी जेवणं क्रमप्राप्त होतं. वैजयंतीबाईंना झुणका, भाकरी, ठेचा आणि वर शिरा खावा लागला. शेजारच्या पंगतीत बसलेल्या मुलांनी भारतीय शेतीवरचे दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं द्यावी लागली. तीन मजले चढून गच्चीत पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. पानं इथेही कातरलेली. उतरताना अहिल्याबाईंनी ठेच्याची बरणी हातात दिली, म्हणजे आता बरणी परत करायला पुन्हा एकदा येणं आलं, तेही रिकामी नाही.

मल्होत्रा आंटींकडे तर काखेत कळसा नि गावाला वळसा झाला असं बाईंना दोन मिनिटं वाटलं. एक भिंत मध्ये, आणि आपण करोल बाग पालथी घातली. आंटींनी बी पेरलंच नव्हतं. सणाच्या दिवशी सुवासिनीच्या हातून मिळालेली पुडी म्हणजे शगुन, म्हणून त्यांनी ती न उघडता देवघरात ठेवली होती आणि रोज तिला उदबत्ती ओवाळत होत्या. बाई लगेच उठल्या. दर्शन घेते म्हणून त्या देवघरात शिरल्या आणि हात जोडून वाकल्या. पुडीवर तीन नंबर होता. नथीच्या बियांची महिनाभर पूजा चालली होती. बाईंनी तिलाही नमस्कार केला, जोडलेले हात वाया कशाला घालवा.

राहिली हेमांगी. राजीव चौकात मेट्रो बदलून गुरुग्रामला जायचं म्हणजे बाईंच्या जिवावर आलं होतं, आणि ते अंतरामुळे नव्हे. काय तोंडाने जायचं? तीन वर्षांत एकदाही न गेलेली मावशी एकाएकी टोमॅटो घेऊन दारात उभी राहिली तर पोर काय म्हणेल? पण तेरा बियांचा प्रश्न होता. मार्चच्या एका शनिवारी त्यांनी केशरी साडी नेसली, पिशवीत सगळ्यात मोठे काळूराम घातले आणि निघाल्या.

हेमांगी सतराव्या मजल्यावर राहते. तिने दार उघडलं, मावशी ये म्हणाली, पाणी आणलं. जावई चैतन्य घरीच होता, तोही समोर येऊन बसला. गप्पा हवेवर चालल्या होत्या, प्रदूषणावर चालल्या होत्या, पण बाईंचं लक्ष गॅलरीच्या काचेकडे. बाहेर एका जुन्या, मूठ तुटलेल्या प्रेशर कुकरमध्ये एक रोप उभं होतं. एकच. रुंद, सपाट पानांचं.

बाई उठल्या आणि गॅलरीत गेल्या. पान बोटांत धरून त्यांनी वास घेतला. वसतिगृहाची गच्ची, काड्यापेटी, रेवतीचं ते खळखळून हसणं, सगळं एकदम अंगावर आलं. मागे हेमांगी उभी होती. ती म्हणाली, वाणाचं आहे, सगळ्या बिया लावल्या, एवढंच एक जगलं. खरं काय ते बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. वाण आहे, दिलंय, संपलं. त्या एवढंच म्हणाल्या की याला काठीचा आधार दे, आणि पुढच्या शनिवारी मी येते, बांधून देते.

तेव्हापासून दर शनिवारी बाई गुरुग्रामला. विनायकराव म्हणायला लागले की आमच्याकडे आता शनिवारी उपास असतो, बायकोच्या हातच्या जेवणाचा. एवढ्या उंचावर माशी-भुंगा फिरकत नाही, त्यामुळे फुलं यायची आणि गळून जायची. फुलाला हलकेच थरथरवलं की पराग सुटतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी घरात नजर फिरवली आणि जावईबापूंचा बॅटरीवर चालणारा टूथब्रश मागून घेतला. तो चालू करून देठाला लावला की फूल गुणगुणल्यासारखं थरथरे. हेमांगी इतकी हसली की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. चैतन्यने बिचाऱ्याने नवा ब्रश आणला. एप्रिलच्या मध्याला दोन फळं धरली, चपटी आणि चुण्यांची.

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढ्या जात होत्या तर सांगून का टाकलं नाही? प्रत्येक शनिवारी त्या ठरवूनच निघायच्या. राजीव चौक येईपर्यंत वाक्य तयार असायचं. पण तिथे पोचल्यावर पोर चहा टाकायची, आईसारखा आलं ठेचून, आणि आठवडाभराचं सांगत बसायची. बाईंना वाटायचं की आज नको, आज छान चाललंय, उगाच मोडायला नको. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. सांगितलं तर हेमांगीला कळणार की मावशीने आपल्याला हे बी कधी द्यायचंच नव्हतं.

मे महिन्यात फळं लाल व्हायला आली आणि नेमकी बाईंना ऊन लागलं. एक शनिवार हुकला. पुढच्या शनिवारी पाय लटपटत असतानाच त्या निघाल्या. सतराव्या मजल्यावर पोचल्या, चप्पल काढली आणि सरळ गॅलरीत गेल्या. झाडावर दोन्ही फळं नव्हती. नुसते देठ होते.

"सार केलंय मावशी," आतून हेमांगी म्हणाली. "ये, गरम आहे तोवर घे."

बाई टेबलाशी येऊन बसल्या. समोर वाटी आली, वर जिऱ्याची फोडणी, दोन पानं कढीलिंबाची. दोन फळं, त्यातली दोन्ही वाटीत. तेरा बियांतलं एक झाड, आणि मेच्या उन्हात आता त्याला तिसरं फळ धरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं चालत आलेली रेवती इथे, या वाटीत संपली. त्यांनी वाटी तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला डोळे भरून आले, कारण सार अगदी तसंच झालं होतं. आंबटपणा तोच आणि नारळाचं दूधही तेवढंच. पोरीला हे आईने कधी शिकवलं असेल? त्यांनी सगळं सार संपवलं, वाटी खाली ठेवली, आणि राजीव चौकातलं वाक्य न आठवता बोलल्या.

"हेमा, ती पुडी तुला द्यायची नव्हती गं. चुकून आली तुझ्या ताटात. मी दर शनिवारी यायचे ते आधी या झाडासाठी, तुझ्यासाठी नाही. पण ती तुलाच द्यायला हवी होती, तीन वर्षांपूर्वीच. तुझ्या आईची होती. मी तेव्हा गॅलरीत तुला जे बोलले ना, ते मला अजून टोचतं. झालं ते बरं झालं. फळं खाल्लीस ते छान केलंस."

हेमांगीने टेबलक्लॉथची किनार सरळ केली.

"मला माहीत होतं मावशी," ती म्हणाली. "पाकिटावरचा एकचा आकडा आईच्या हातचा आहे. किराणा सामानाच्या यादीत तो बघतच मोठी झाले मी."

मग तिने सगळं सांगितलं. घरी येऊन पर्समधून पुडी काढली तेव्हा क्षणभर वाटलं, मावशीने माफ केलं, आठवणीने दिली. मग ग्रुपवर मावशीचा तो पान नीट दिसू द्या मेसेज आला आणि लख्ख कळलं की चूक झालीये, मावशी शोधतेय. म्हणून तिने उत्तरच दिलं नाही. मावशी दारात दिसली की आज मागणार, आज मागणार, असं दर शनिवारी वाटायचं. पण वाण परत मागत नाहीत, हे आईनेच शिकवलं होतं, आणि मावशीला ते मोडवणार नाही एवढीच आशा होती. तिला ते झाड हवं होतं. आईचं एक झाड तिला जगवून दाखवायचं होतं.

म्हणजे बघा, दोन महिने दोघी समोरासमोर बसून आल्याचा चहा पीत होत्या आणि एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होत्या. वैजयंतीबाईंना आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. त्यांनी पोरीचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या की चल, आता ही रिकामी वाटी तरी घासून ठेवू.

तेवढ्यात बाहेरून चैतन्य आला, नाक मुरडलं आणि बायकोला म्हणाला की ते सिंकखालचं प्रकरण अजून किती दिवस ठेवायचंय, मला तर वाटतं घरात उंदीर मेलाय.

बाई ताडकन उठल्या. ऊन लागलेलं माणूस एवढ्या चपळाईने उठू शकतं हे मलाही माहीत नव्हतं. सिंकखालचं दार उघडलं. आत काचेचा पेला होता, वर वाटी झाकलेली, आणि वाटीखाली पांढरी साय. गुरुवारी फळं उतरवून हेमांगीने बिया पिळून घेतल्या होत्या, गर फ्रीजमध्ये ठेवला होता, आणि मावशी येणार म्हणून सार शनिवारी केलं होतं. आईला लहानपणापासून करताना बघितलंय, ती म्हणाली, फक्त किती दिवस ठेवायचं तेवढं आठवत नव्हतं.

"तीन," बाई म्हणाल्या. "आज तिसरा. आण ती चाळणी."

दोघींनी मिळून बिया धुतल्या. स्टीलच्या ताटलीत पसरल्या तेव्हा दोनशेच्या वर भरल्या. वैजयंतीबाईंचा हात आपसूक ताटलीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, पदराला पुसला आणि विचारलं की येत्या संक्रांतीला हळदीकुंकू करणार आहेस का. हेमांगी म्हणाली, कधी केलं नाही. मग कर, बाई म्हणाल्या, आणि मला बोलाव.

ती संक्रांत आली. गुरुग्रामच्या सतराव्या मजल्यावर पहिलं हळदीकुंकू झालं, आठच बायका होत्या. त्यात वैजयंतीबाई इतक्या लवकर पोचल्या की यजमानीणबाईंनी अजून साडीसुद्धा नेसली नव्हती. त्या ओळीत पहिल्या जागी जाऊन बसल्या. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ झाला, आणि हेमांगीने ताट पुढे केलं. उलटं करून चिकटवलेलं पाकीट, वर एकचा आकडा, शेपटी वर वळवायच्या नादात जवळजवळ नऊ झालेला. बाईंनी पदर पसरून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी दिवाणखान्यातला मोठा दिवा लावला आणि पुडी ताटलीत रिकामी केली. विनायकराव शेजारी येऊन बसले. बाईंनी बोटाने एकेक बी बाजूला सारत मोजलं, मग पुन्हा मोजलं. तेरा होत्या.

"दोनशे बिया होत्या हो, माझ्या डोळ्यांदेखत," बाई म्हणाल्या. "कारटीने मोजून तेवढ्याच दिल्या." आणि त्या एवढ्या हसल्या की विनायकरावांना ताटली उचलून दूर धरावी लागली, डोळ्यांतलं पाणी बियांवर पडू नये म्हणून.